दहावा पंचनामा

माघ लागला की आमच्या घरातलं सगळं पिवळं व्हायचं. आईच्या पदराचं टोक, आबांच्या धोतराचा सोगा, गोठ्यातल्या म्हशीची शेपटी, भाकरीच्या टोपल्यातलं फडकंसुद्धा. कुरुंद्याकडची आमची जमीन काळी आणि खोल, आणि तिच्यात हळद सोडून दुसरं काही लावावं असं माझ्या वडिलांना, आबांना, कधी वाटलं नाही. अंगणाच्या कडेला दगडांच्या चुलवणावर मोठी कढई चढायची आणि तिच्याखाली हळदीचाच वाळलेला पाला जळायचा. त्या धुराला एक ओशट, गोडसर वास असतो. पाण्यावर फेस धरला आणि गड्ड्यात काडी सहज शिरली की आबा लांबूनच हात वर करायचे, मग गडी कढई रिकामी करायचे. शिजलेली हळद दोन आठवडे उन्हात पसरलेली असायची आणि आम्ही पोरं तिच्या कडेकडेने चालायचो. सगळ्यात शेवटी ढोल. जाळीचा तो लोखंडी ढोल दोन माणसं दोन बाजूंनी फिरवायची, आत हळकुंडं एकमेकांवर घासायची, आणि त्या खडखडाटात घरातली माणसं आठ-दहा दिवस ओरडूनच बोलायची. ढोल थांबला तरी आवाज उतरायला एक-दोन दिवस लागत.

त्या दिवसांत घरी रोज येसराची, भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी असायची, पातेलं भरून. हळद काढायला येणाऱ्या बाया भाकरी आपापल्या घरून आणायच्या, आमटी आमच्याकडची. त्या गोठ्याच्या बाजूला, पाल्याच्या ढिगाशी टेकून बसायच्या आणि आई एकेकीच्या वाटीत वरून आमटी सोडायची. आईचा हात सढळ होता. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाढायची, तिखट झाली का विचारायची. पळी मात्र उंच असायची. वाटीला पळी लागलेली मी कधी पाहिली नाही, आणि ती लागत नाही हेही मला कित्येक वर्षं दिसलं नाही.

या बाया बौद्धवाड्यातल्या. त्यांच्या टोळीची म्होरकी सखुबाई. ती माझ्या आईपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी होती, अंगाने काटकुळी, आणि कामाला बसली की तिच्या हाताकडे बघत राहावं अशी. गड्ड्याला एक हिसका द्यायची, माती एकीकडे आणि हळद एकीकडे. आमच्या घरात तिला सगळे ‘सखू’ म्हणायचे. आबा म्हणायचे, आई म्हणायची, मी म्हणायचो, माझा सहा वर्षांचा चुलतभाऊही म्हणायचा. ती मात्र मी रांगत होतो तेव्हापासून मला ‘दत्ताभाऊ’ म्हणायची. लहानपणी एकदा माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. सखूने मला बांधावर बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि तो काटा दातांनी काढला. घरी लंगडत आलो तेव्हा आईने विचारलं, काटा कोणी काढला. मी म्हणालो, मीच. आईची आणि सखूची दोघींचीही लाज राखली, असं त्या वयात मला वाटलं होतं.

सखूचा मुलगा मिलिंद माझ्याच वर्गात. शाळेनंतर आम्ही दोघेही नांदेडला कॉलेजला गेलो. तो वसतिगृहात, मी खोली घेऊन. त्या तीन वर्षांत मी खूप वाचलं. इतिहास हा माझा विषय होता. राजे का पडतात, लोक का उठतात, हे मला फार भारी वाटायचं. मिलिंदही वाचायचा, पण वाचलेलं तो आत ठेवायचा. मी लगेच बोलून टाकायचो. बी.ए. होऊन परत आल्यावर आम्ही बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात दर रविवारी दुपारी वाचन सुरू केलं. म्हणजे मिलिंदने सुरू केलं, आणि मी तिथे जाऊन बोलायचो. पहिल्या रविवारी मी सखूला सगळ्यांदेखत ‘मावशी’ म्हणालो. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. सखुबाई हसली, म्हणाली, “ऐकलं का गं, म्या मावशी झाले. मला सवय लागू द्या, दत्ताभाऊ, न्हाईतर हाक मारली तरी मी वळायची न्हाई.” सगळे हसले. मला फार बरं वाटलं. त्या रात्री मी डायरीत लिहिलं होतं की आज एक भिंत पडली.

आता खरं ते लिहितो. समाजमंदिरात ती मावशी होती आणि आमच्या अंगणात ती सखूच राहिली. सोमवारी सकाळी ती कामाला यायची आणि मी आईसमोर, आबांसमोर तिला हाक मारायची वेळच येऊ द्यायचो नाही. अगदीच आली तर ‘सखू’ म्हणायचो, पण हळू. तिने एकदाही त्यावर काही म्हटलं नाही. मला वाटायचं तिच्या लक्षात येत नसावं.

एका रविवारी मी फ्रान्सच्या राज्यक्रांतीवर बोललो. भाकरी महागली होती, कर गरिबांवर होते, मोठ्यांना माफ होते, आणि त्याच वेळी काही विचारवंत लिहीत होते की माणसं जन्मतः समान आहेत. विषमता आधीपासून होतीच, विचारांची ठिणगी पडली आणि पेट घेतला, असं मी हात वर करून सांगितलं. सखुबाई मागे भिंतीशी बसून लसूण सोलत होती. तिने विचारलं, “त्या राजाच्या घरी भाकऱ्या कोण थापायचं?” मी म्हणालो, असतील नोकर. “मंग ती बाई चार दिवस आली न्हाई तर राजा काय खाईल? एवढी मारामारी कामून केली त्यांनी?” पुन्हा सगळे हसले, मीही हसलो. मी तिला समजावलं की क्रांती इतकी सोपी नसते, तिच्यामागे तत्त्वज्ञान लागतं. मिलिंद हसला नव्हता, हे मला आज आठवतं.

गायरानाचा विषय त्याच हिवाळ्यात निघाला. गावाच्या उत्तरेला माळाची बरीच जमीन सरकारी, जनावरांना चरायला राखलेली. त्यातल्या एका पट्ट्यावर बौद्धवाड्यातली दहा भूमिहीन घरं कितीतरी वर्षं दगड वेचून, काटे तोडून पेरत होती. ती जमीन त्यांची नव्हती आणि दुसरं कोणी ती कसूही शकलं नसतं, इतकी ती खडकाळ होती. सरकारचा हुकूम निघाला होता की जुन्या काळापासून गायरान कसणाऱ्या भूमिहीनांच्या नावे ती जमीन करावी, पण त्यासाठी पुरावा लागणार होता. पीक उभं असताना तलाठ्याने जागेवर यायचं, पंचनामा करायचा, आणि त्या घराशी नातं नसलेल्या गावातल्या दोन माणसांनी पंच म्हणून सही करायची. हुकुमाचा कागद मीच वसमतहून आणला. समाजमंदिरात मीच तो वाचून दाखवला, सोपा करून सांगितला. पंच कोण होणार, असा प्रश्न आला तेव्हा मीच उभा राहिलो. आमच्या घरातला माणूस सही करणार म्हटल्यावर मागे बसलेली माणसं पुढे सरकली. दुसरा पंच म्हणून नामाजी तयार झाला, मेंढरं राखणारा एक म्हातारा, जो सगळा माळ तळहातासारखा ओळखायचा आणि ज्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. तो म्हणाला, दत्ता सही करील तिथं मी आंगठा ठेवतो.

तलाठी दोन दिवसांसाठी आला. पहिल्या दिवशी आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत नऊ पट्टे पाहिले. तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस आहे असं मला त्या दिवशी वाटत होतं. कुठे तूर, कुठे करडई, कुठे जेमतेम गुडघ्याएवढी ज्वारी. प्रत्येक बांधावर त्या घरची माणसं अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून उभी असायची. तलाठी पावलं टाकून लांबी मोजायचा, कागद मांडीवर घेऊन लिहायचा, मी वाचून पाहायचो आणि सही करायचो. नामाजी आंगठा उमटवायचा आणि उरलेली शाई धोतराला पुसायचा. नऊ कागदांवर मी खरं लिहिलं. दहावा पट्टा, सखुबाईचा, दुसऱ्या दिवसावर गेला, कारण तो एकटा खालच्या अंगाला होता. आमच्या बांधाला लागून.

त्या पट्ट्याबद्दल मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या जनावरांची पाण्याला जायची वाट तिथून होती. आबा दहा वर्षं सरपंच होते, आणि त्या आधी माझे आजोबा. आज ना उद्या तो तुकडा आपल्या शेताला जोडून घ्यायचा, हे घरात कधी बोललं गेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मी समाजमंदिरात समानतेवर बोलत होतो तेव्हा आबांनी मला एकदाही अडवलं नव्हतं. लोकांना सांगायचे, पोरगं शिकलंय, बोलतंय, बोलू द्या. वसमतच्या एका शाळेच्या चालकांशी त्यांचा घरोबा होता आणि माझ्या नोकरीसाठी ते त्यांना भेटणार होते. तेही त्यांनी मला कधी धाक म्हणून सांगितलं नाही. हे सगळं मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर लोकांनी मला विचारलं आहे की घरातून दबाव होता का. नव्हता. दबाव असता तर मला आज सांगायला काहीतरी असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठी गाडीवरून आला तेव्हा आबा ओसरीवरच होते. चहा घेऊन जा म्हणाले. आईने धपाटे केले होते, सोबत दही आणि लसणाची चटणी. नामाजीलाही आबांनी हाक मारून पायरीवर बसवलं. चार धपाटे झाल्यावर तलाठ्याने हात धुतले, पिशवीतून कागद काढले, मध्ये कार्बन घातला आणि तिथेच लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता आबांना विचारलं, तुमचाच बांध लागून आहे ना. आबा म्हणाले, “लागूनच हाय. गायरान हाय ते, जनावरं चरतेत.” तलाठ्याने मान डोलावली आणि लिहीत राहिला. मग त्याने वाचून दाखवलं, त्या सरकारी सुरात, ज्यात सगळ्या गोष्टी आधीच घडून गेलेल्या असतात. आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष जागेवर हजर राहून लिहून देतो की सदर जमीन पाहिली असता ती पडीक आढळून आली, तिच्यावर कोणतेही पीक उभे नाही.

मी म्हणालो, “जागेवर जायचं ना, भाऊसाहेब?”

एवढंच. माझा विरोध एवढाच होता, आणि तोही प्रश्नासारखा. तलाठी म्हणाला, काल दिवसभर माळावरच तर होतो की आपण. आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आईला म्हणाले, दत्ताला अजून एक वाढ, खाल्लं न्हाई त्याने काही. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, “जायचं तर जाऊन या. म्या काय धरून ठेवलंय का तुमाला?” कोणी उठलं नाही. मीही उठलो नाही. आमच्या ओसरीवरून तो पट्टा चालत दहा मिनिटांवर होता. ताटात गरम धपाटा पडला होता, तलाठ्याने पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं होतं, आणि मला त्या क्षणी फक्त एवढंच वाटत होतं की हा अवघड वेळ लवकर संपावा. मी सही केली.

नामाजी पायरीवरून वर आला. आंगठ्याला शाई लावून घेतली, कागदाजवळ नेला आणि थांबला. “दत्ता, बराबर लिवलंय ना?”

मी म्हणालो, “व्हय.”

सही करण्याचं मी अनेक प्रकारे समर्थन करून पाहिलं आहे. त्या एका ‘व्हय’चं करता आलेलं नाही.

त्या दिवशी सखुबाई सकाळपासून तिच्या तुरीत उभी होती. हे मला नंतर मिलिंदने सांगितलं. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. बांधाजवळची जागा झाडून घेतली होती, नव्या माठात पाणी भरून ठेवलं होतं, आणि साहेबाला बसायला समाजमंदिरातली खुर्ची डोक्यावरून वाहून नेली होती. ती स्वतः खुर्चीवर बसली नाही, शेजारी जमिनीवर बसली. दिवस मावळेपर्यंत बसली आणि मग खुर्ची परत डोक्यावर घेऊन आली. संध्याकाळी मिलिंद आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन मला भेटला. म्हणाला, तलाठी आलेच न्हाईत रे. मी म्हणालो, येतील उद्या. कागद तेव्हा आमच्या घरातून निघून तहसिलीच्या वाटेवर होता.

पुढच्या आठवड्यात आमची जनावरं त्या तुरीत गेली. शेंगा भरल्या होत्या. आबांनी गड्याला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण दावी सुटली तेव्हा मी गोठ्याच्या दारात उभा होतो. दुपारपर्यंत दोन एकरांत नुसती बुडखं उरली. मिलिंद तक्रार द्यायला ठाण्यात गेला. तिथल्या साहेबाने तहसिलीतून कागद मागवला आणि मिलिंदपुढे ठेवला. जमीन पडीक होती, पीक नव्हतं, मग नुकसान कशाचं? खाली माझी सही. मिलिंदला माझी सही ओळखू यायला वेळ लागला नसणार. शाळेत आम्ही एकमेकांच्या वह्यांवर सह्या गिरवल्या होत्या.

तो माझ्याकडे आला नाही. भांडला नाही, शिवी दिली नाही. रविवारी मी समाजमंदिराकडे निघालो होतो, निर्लज्जपणे, काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करत. मंदिराचं दार उघडं होतं, आत माणसं बसलेली दिसत होती, मिलिंद काहीतरी वाचत होता. मी वळून घरी आलो.

मग माघ लागला. हळदीचा पाला कापून झाला, शेताला पाणी देऊन झालं, आणि काढणीला एकही बाई आली नाही. पहिल्या दिवशी आई म्हणाली, लग्नबिग्न असंल वाड्यात. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “काहून येईनात या?” मी मान खाली घालून जेवत होतो. तिसऱ्या दिवशी आबांनी वारंगा फाट्याहून टेम्पो भरून बाया आणल्या. टेम्पो शेतापाशी थांबला. सखुबाई रस्त्याच्या कडेला एकटी उभी होती, हातात काठीही नव्हती. बाया उतरल्या, तिच्याभोवती जमल्या, तंबाखू मळायला लागतो तेवढा वेळ बोलणं झालं, आणि मग एकेक करत त्या पुन्हा टेम्पोत चढून बसल्या. त्यांच्यात बौद्ध होत्या, हटकर होत्या, आमच्या जातीच्याही दोघी होत्या. आबा टेम्पोवाल्यावर ओरडत होते. तो म्हणाला, “मालक, त्या उतरंनात तर म्या काय उचलून ठेवू?”

हळद जमिनीत तशीच राहिली. मातीला भेगा पडू लागल्या. आबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, तुझं जमतं ना त्यांच्याशी, जा, बोल. ते उपहासाने म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं, पण ते मनापासून म्हणाले. मी गेलो. सखुबाई दारात ज्वारी पाखडत होती. मी उभा राहिलो. तिने बस म्हटलं नाही. मी म्हणालो, “मावशी...”

सूप थांबलं. ती म्हणाली, “सखू म्हणा, मालक. तेच बराबर हाय.”

तिने मला मालक म्हणायची ती पहिली वेळ. मग ती पुन्हा पाखडू लागली आणि मी कोंडा उडत होता तिथे थोडा वेळ उभा राहून परत आलो. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला माझ्याकडून अजून काही अपेक्षा आहे असं मला वाटलं असतं.

त्या वर्षी आमची निम्मी हळद जमिनीतच गेली. उरलेली घरच्या माणसांनी काढली. आईने काढली, मी काढली. आईचे हात दोन दिवसांत सोलवटले. एका दुपारी ती बांधावर बसली, हाताकडे बघत म्हणाली, “सखूचे हात कसे राहत असतील रे?” तेवढंच म्हणाली आणि पुन्हा वाकली. पुढच्या हळदीच्या आधी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. ज्या नऊ घरांच्या नावावर जमीन झाली होती ती घरं, नामाजीच्या वस्तीवरची माणसं, आणि आमच्याच भावकीतली कधी तोंड न उघडणारी काही कोरडवाहू घरं, सगळी एका बाजूला गेली. त्यांच्या बैठका समाजमंदिरात व्हायच्या. मी ज्या जागी उभा राहून तत्त्वज्ञान लागतं म्हणालो होतो त्याच जागी सखुबाई बसून कोणाच्या घरी कोणी जायचं ते ठरवायची, असं ऐकलं. आबा हरले. नुसते हरले नाहीत, आमच्या घरातली खुर्ची गेली ती आजतागायत आलेली नाही. मिरवणूक आमच्या दारावरून गेली. गुलाल होता, हलगी होती, पण दारापुढे कोणी थांबलं नाही, घोषणा दिली नाही. आबा त्या अपमानाची वाट बघत ओसरीवर बसून राहिले होते.

मला नोकरी लागली. आबांनी शब्द टाकला होता. गेली पंचवीस वर्षं मी वसमतमध्ये इतिहास शिकवतो, आणि दरवर्षी तो धडा येतो. राज्यक्रांतीची कारणं. मुलं लिहून घेतात, एक, सामाजिक विषमता, दोन, नव्या विचारांचा प्रसार. मी समजावून सांगतो, उदाहरणं देतो, मुलांना माझा तो तास आवडतो. मी त्यांना हे सांगत नाही की मी एक क्रांती पाहिली आहे, दोन हजार वस्तीच्या गावातली. विचार मी आणले असं मला वाटत होतं, पण त्या बायांना माणसं समान असतात हे मी सांगायची गरज नव्हती. ते त्यांना आईच्या पळीकडे बघून माझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक होतं. राहिला होता तो एवढाच प्रश्न की आमच्यासारख्यांवर भरवसा ठेवायचा की नाही. त्याचं उत्तर मी ओसरीवर बसून, सही करून दिलं. मी क्रांतीला काही दिलं असेल तर ते इतकंच, आणि हे लिहिताना त्यात मला कसलाही अभिमान सापडत नाही.

सखुबाईने तो पट्टा सोडला नाही. कागद नसताना, दरवर्षी, पेरत राहिली. आबा गेले. मग आई गेली. तीन वर्षांपूर्वी सखुबाई गेली, आणि मी मातीला गेलो नाही. गावाच्या फाट्यापर्यंत गेलो होतो. तिथे चहा प्यालो आणि परतलो.

या उन्हाळ्यात गायरानावर नोटिसा आल्या. तिथे सौरऊर्जेचे पत्रे बसणार आहेत. ज्यांच्या नावावर जमीन आहे त्या नऊ घरांना धक्का नाही. दहाव्याने अतिक्रमण काढून घ्यावं, नोटिशीसोबत पुरावा म्हणून जुन्या पंचनाम्याची प्रत. हे मला वसमतमध्ये कळलं होतं. तीन आठवडे मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो. मग एका अनोळखी नंबरवरून फोन आला. “सर, मी ॲडव्होकेट सुजाता. मिलिंद यांची मुलगी. त्या पंचनाम्यातले एक पंच वारलेत. तुम्ही आहात. शपथपत्र द्याल का?” आवाजात आर्जव नव्हतं, टोचणीही नव्हती. मी हो म्हणालो. तिने दिवस आणि वेळ सांगितली आणि आधार कार्ड आणायला सांगितलं.

हिंगोलीला कोर्टासमोरच्या गाळ्यात तिचं ऑफिस आहे. मिलिंद तिथे होता. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. त्याने मला पाहिलं, उठला, पंख्याची दिशा माझ्याकडे वळवली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. सुजाताने संगणक उघडला आणि प्रश्न विचारू लागली. त्या दिवशी तुम्ही जागेवर गेला होतात का. नाही, म्हणालो. पंचनामा कुठे लिहिला गेला. आमच्या घरी, ओसरीवर. जमिनीवर पीक होतं का. होतं. तूर. किती उंच. माझ्या छातीपर्यंत. तुम्ही ती कधी पाहिली होती. आदल्या दिवशी, वरच्या बांधावरून, आणि नंतर आमची जनावरं तिच्यात सोडली तेव्हा. ती टाइप करत होती, मध्ये थांबत नव्हती. नामाजींना मजकूर वाचून दाखवला होता का. मी म्हणालो, वाचून दाखवला नाही. त्यांनी मला विचारलं, आणि मी बरोबर आहे म्हणालो. इथे तिची बोटं जराशी थांबली, मग तेही तिने लिहिलं. हे दिल्यावर तुमच्यावर खोटी साक्ष दिल्याचं प्रकरण निघू शकतं, हे समजतंय ना, असं तिने विचारलं. मी म्हणालो, समजतंय.

मग मला वाटलं आता ती विचारेल. पंचवीसहून जास्त वर्षं मी त्या एका प्रश्नाची तयारी केली होती. तिने विचारलं नाही तेव्हा मीच सुरू केलं. म्हणालो, मी सही का केली ते तुला सांगायला हवं, आमच्या घरात तेव्हा असं होतं की आबा, म्हणजे माझे वडील, आणि माझ्या नोकरीचं...

तिने हात वर केला नाही, आवाजही वाढवला नाही. स्क्रीनकडे बघतच म्हणाली, “सर, कारण लागत नाही. शपथपत्रात काय पाहिलं तेवढंच लागतं.”

प्रिंट निघाली. दोन पानं. मी प्रत्येक पानावर सही केली. बाहेर मिलिंद पायरीवर बसला होता. मी त्याच्याजवळून उतरलो तेव्हा तो थोडा बाजूला सरकला, मला वाट मिळावी म्हणून.

निकाल अजून लागलेला नाही. कारणं मी इथे लिहिली आहेत.